अगाथा ख्रिस्ती ओळीने कशी वाचायची: १९२० ते १९३९

आधी माझं काय झालं ते सांगते, म्हणजे हे एवढं लांबलचक का लिहितेय ते कळेल. बारावीच्या सुट्टीत आमच्या गावच्या लायब्ररीत अगाथा ख्रिस्तीचं एकच पुस्तक शिल्लक होतं, 'कार्ड्स ऑन द टेबल', तेच घरी आणलं, दोन दिवसांत संपवलं, आणि त्यात मधेच बाईंचा डिटेक्टिव्ह पॉयरो एका सुरीबद्दल बोलता बोलता 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चं अख्खं गुपित एका वाक्यात सांगून टाकतो. मी तोवर ओरिएंट एक्स्प्रेस वाचलेलंच नव्हतं. पुढे वाचलं, आवडलंही, पण ते पहिल्यांदा वाचताना शेवटी जे होतं ना माणसाचं, ते माझ्या वाट्याला आलंच नाही आणि आता येणारही नाही. त्याची हळहळ अजून आहे.

पण नुसती गुपितं फुटू नयेत एवढंच कारण नाहीये. आपण बहुतेक जण बाईंची पुस्तकं हाताला लागतील तशी वाचतो, एक पुण्याच्या फुटपाथवरून घेतलेलं, एक मावशीकडचं, एक ट्रेनमध्ये कोणीतरी दिलेलं, आणि मग असं वाटत राहतं की बाई उपजतच हुशार, बसल्या की लिहून मोकळ्या. ओळीने वाचलं की कळतं तसं अजिबात नव्हतं. पहिली आठ-दहा वर्षं बाई शिकत होत्या, चाचपडत होत्या, बऱ्याचदा पैशासाठी लिहीत होत्या, नवऱ्याने दुसरी निवडल्यावर लहान मुलीला घेऊन बेटावर बसून नकोसं झालेलं पुस्तक ओढून ओढून पुरं करत होत्या. आणि त्यानंतर ती १९३४ ते १९३९ ची सहा वर्षं आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांच्या रहस्य कादंबऱ्या आल्या २६, आणि त्यातल्या बरोबर निम्म्या, १३, या शेवटच्या सहा वर्षांत. हा चढ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर क्रम पाळा, माझं एवढंच म्हणणं आहे.

तयारी फार नाही. एक वही घ्या, साधी, दोनशे पानी. प्रत्येक पुस्तकाला दोन पानं. डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, साल आणि त्या साली बाईंच्या आयुष्यात काय चाललं होतं, उजव्या पानावर वाचताना आलेल्या शंका पान नंबरासकट. 'हा माणूस खोटं बोलतोय, पान ६२' असं. नंतर ही वही फार कामाला येते, ते पुढे सांगते.

पुस्तक विकत घेताना एक काळजी घ्या. अमेरिकेत बऱ्याच पुस्तकांची नावं बदलून छापली आहेत आणि सेकंडहँड दुकानात दोन्ही नावांच्या प्रती शेजारी शेजारी असतात, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा विकत घेतली जाते. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजेच 'थर्टीन ॲट डिनर', 'डेथ इन द क्लाउड्स' म्हणजेच 'डेथ इन द एअर', 'डंब विटनेस' म्हणजेच 'पॉयरो लूजेस अ क्लायंट', 'व्हाय डिडन्ट दे आस्क इव्हान्स' म्हणजेच 'द बूमरँग क्लू', आणि ओरिएंट एक्स्प्रेस तिकडे 'मर्डर इन द कॅले कोच' नावाने आलं होतं. आतल्या पानावर पहिल्या प्रकाशनाचं साल असतं ते बघा, कव्हरवर जाऊ नका.

मराठी की इंग्रजी? अनुवाद मिळतात आणि ज्यांना इंग्रजीचं दडपण आहे त्यांनी खुशाल तेच घ्यावेत, न वाचण्यापेक्षा कधीही चांगलं. पण जमत असेल तर इंग्रजीच घ्या, बाईंचं इंग्रजी खरंच सोपं आहे, छोटी वाक्यं, भरपूर संवाद. आणि आपल्या भाषेची इथे एक खरी अडचण आहे. मराठीत क्रियापद लगेच सांगून टाकतं की आला की आली, गेला की गेली. इंग्रजीत 'समवन केम' म्हणून लेखिका बाई की पुरुष ते लपवू शकते, डॉक्टर, सेक्रेटरी, कझिन या शब्दांमागे माणूस झाकू शकते. अनुवाद करणाऱ्याला तिथे काहीतरी ठरवावंच लागतं. ज्या पुस्तकांची सगळी मजा एका शब्दाच्या दुहेरी अर्थात असते तिथे हे नडतं.

आता सुरुवात. पहिलं पुस्तक 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स', आणि ते वाचण्याआधी तीन गोष्टी वहीच्या डाव्या पानावर लिहा. एक, बाई टॉर्कीच्या, डेव्हन परगण्यातलं समुद्राकाठचं गाव, जन्म १८९०, पहिल्या महायुद्धात तिथल्याच हॉस्पिटलात आधी नर्सिंग केलं आणि मग औषधं बनवायच्या विभागात काम, त्याची परीक्षासुद्धा पास झाल्या. विषाची माहिती तिथली आहे, कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही. दोन, टॉर्कीला तेव्हा बेल्जियमचे निर्वासित आलेले होते, म्हणून डिटेक्टिव्ह बेल्जियन. तीन, थोरली बहीण मॅज म्हणाली होती की तुला डिटेक्टिव्ह गोष्ट लिहायला जमणार नाही. १९१६ साली डार्टमूरच्या एका हॉटेलात राहून पुस्तक पुरं केलं, काही प्रकाशकांनी परत पाठवलं, शेवटी जॉन लेनच्या बॉडली हेडने घेतलं, तेही मसुदा कित्येक महिने ठेवून घेतल्यावर. १९२० मध्ये अमेरिकेत आणि १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये आलं. आणि या पुस्तकाचे बाईंना मिळाले २५ पौंड, तेसुद्धा पुस्तकाच्या विक्रीचे नाहीत, साप्ताहिकात क्रमशः छापलं त्या हक्कातला निम्मा वाटा. वर करार असा की पुढची पाच पुस्तकं याच प्रकाशकाला. बाईंनी आनंदाच्या भरात सही केली, नीट वाचलं नाही.

स्टाइल्स वाचताना शेवटच्या उलगड्यावर थांबा. पहिल्या मसुद्यात पॉयरो हे सगळं कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगत होता. प्रकाशक म्हणाला कोर्टात असं कोणी बोलू देत नाही, बदला. मग बाईंनी सगळ्यांना घरातल्या एका खोलीत गोळा केलं आणि पॉयरोला मध्ये उभं केलं. सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून डिटेक्टिव्ह एकेकाचं सोंग उतरवतोय हा सीन आज आपल्याला इतका ओळखीचा आहे, टीव्हीवरच्या सिरियलमध्येसुद्धा तोच, आणि बाईंच्या पुस्तकांत तो आला एका दुरुस्तीमुळे. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी पुस्तक पुन्हा काढून तो भाग परत वाचला होता.

त्यानंतरची पाच वर्षं भराभर वाचून काढा. १९२२ चं 'द सीक्रेट ॲडव्हर्सरी' हे टॉमी आणि टपेन्स या तरुण जोडीचं हेरगिरीचं पुस्तक, युद्ध संपलंय, नोकरी नाही, खिशात पैसे नाहीत, हा मूड त्यात छान आहे, कट-कारस्थानाचा भाग मात्र पोरकट. १९२३ चं 'द मर्डर ऑन द लिंक्स' गुंतागुंतीचं आहे, जरा जास्तच. त्यात पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज प्रेमात पडतो आणि पुढे त्याची रवानगी अर्जेंटिनाला होते, म्हणजे तिसऱ्या कादंबरीतच बाईंना हा वॉटसनसारखा जोडीदार जड व्हायला लागला होता हे लक्षात घ्या. 'द मॅन इन द ब्राउन सूट', १९२४, हे मात्र माझं आवडतं. १९२२ मध्ये बाई नवऱ्याबरोबर, आर्ची ख्रिस्तीबरोबर, ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनाच्या प्रचारासाठी जगाच्या दौऱ्यावर गेल्या होत्या, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मधे हवाईला सर्फिंगसुद्धा केलं, आणि त्या आफ्रिकेचं ऊन या पुस्तकात आहे. दौऱ्याचे प्रमुख मेजर बेल्चर मागे लागले होते की मला पुस्तकात घाल, घातलं. 'इव्हिनिंग न्यूज' या पेपरने क्रमशः छापायचे ५०० पौंड दिले. शेजारी लिहा: पहिल्या पुस्तकाचे २५, चौथ्याच्या नुसत्या पेपरहक्काचे ५००. त्या पैशातून बाईंनी मॉरिस काउली गाडी घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या, आणि त्या काळच्या एका बाईसाठी स्वतःच्या लिखाणाच्या पैशाने घेतलेली गाडी ही केवढी मोठी गोष्ट असेल.

याच सुमारास 'द स्केच' या साप्ताहिकाने पॉयरोच्या लघुकथा मागितल्या, १९२३ मध्ये दणादण दोन डझनच्या आसपास कथा आल्या. काही बऱ्या, बऱ्याच घाईच्या. सगळ्या वाचायची गरज नाही, 'पॉयरो इन्व्हेस्टिगेट्स' मधल्या चार-पाच पुरे. पण यात एक सापळा आहे, 'द प्लिमथ एक्स्प्रेस' नावाची कथा आत्ता वाचू नका, कारण पुढे १९२८ ची एक अख्खी कादंबरी तिच्यावरच उभी आहे. १९२५ चं 'द सीक्रेट ऑफ चिमनीज' हलकंफुलकं आहे, त्यात ज्यू माणसांबद्दल आणि परक्या लोकांबद्दल जे शेरे आहेत ते वाचताना त्रास होतो. तेव्हाच्या इंग्रजी मध्यमवर्गात असं सर्रास बोलत, म्हणून ते बरोबर ठरत नाही. वहीत लिहून ठेवा, गाळू नका.

इथे बॉडली हेडचा करार संपला. एव्हाना बाईंना एडमंड कॉर्क हा एजंट मिळाला होता, करार वाचून बाईंइतकाच तोही हादरला होता म्हणे, आणि त्याने कॉलिन्स या प्रकाशकाशी नवीन करार केला, दर पुस्तकाला २०० पौंड ॲडव्हान्स. कॉलिन्ससाठीचं पहिलंच पुस्तक म्हणजे 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', १९२६.

याच्याबद्दल मी कथेतलं एक अक्षर सांगणार नाही. फक्त एवढं करा: हे वाचायच्या आधी नेटवर काहीही शोधू नका, प्रस्तावना असेल तर ती सोडून द्या, मित्रमैत्रिणींना 'मी ॲक्रॉइड वाचतेय' असंसुद्धा सांगू नका, कारण कोणीतरी डोळे मिचकावतोच. शक्यतो सलग दोन रात्रींत संपवा. आणि संपल्यावर, त्याच आठवड्यात, पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. दुसऱ्यांदा वाचताना उजव्या पानावरच्या तुमच्या शंका समोर ठेवा आणि बघा की बाई कुठेही खोटं बोललेल्या नाहीत. एकही वाक्य खोटं नाही. तेव्हा काही समीक्षक चिडले होते, ही फसवणूक आहे म्हणाले, तर डोरोथी सेयर्स या दुसऱ्या मोठ्या लेखिकेने बाजू घेतली, वाचकाने सगळ्यांवरच संशय घ्यायचा असतो असं तिचं म्हणणं. मूळ कल्पना बाईंना बहिणीच्या नवऱ्याने, जेम्स वॉट्सने सुचवली होती, आणि तशीच कल्पना पत्र लिहून कळवली होती लॉर्ड माउंटबॅटनने, हो, तोच, आपल्याकडचा शेवटचा व्हाइसरॉय. कल्पना दोघांकडून आली पण ती पानोपानी पेलणं हे बाईंचं. लेखनाची आवड असेल त्यांनी तर हे दुसरं वाचन चुकवूच नका, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा जास्त शिकवतं.

आता त्याच १९२६ चं डावं पान. एप्रिलमध्ये आई गेली. बाई टॉर्कीचं जुनं घर एकट्या आवरत बसल्या. ऑगस्टमध्ये आर्चीने सांगितलं की नॅन्सी नील नावाच्या मुलीवर माझं प्रेम आहे, घटस्फोट दे. ३ डिसेंबरच्या रात्री बाई घरातून गाडी घेऊन निघाल्या, दुसऱ्या दिवशी गाडी गिल्डफर्डजवळ न्यूलँड्स कॉर्नरला सापडली, बाई नाहीत. ११ दिवस सगळा देश शोधत होता, पेपरांच्या पहिल्या पानावर फोटो, आर्थर कॉनन डॉयलने तर त्यांचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे नेला. १४ तारखेला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, रजिस्टरमध्ये नाव मिसेस नील. नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव.

यावर सिनेमे आहेत, पुस्तकं आहेत, यूट्यूबवर तासतासभराचे व्हिडिओ आहेत. त्यात अडकू नका असं मी कळकळीने सांगते. बाईंनी स्वतःच्या आत्मचरित्रात या ११ दिवसांबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि ज्या बाईची आई नुकतीच गेलीय आणि संसार मोडलाय तिला एवढा हक्क असतो. वहीत चार ओळी लिहा आणि त्यापेक्षा त्यानंतरच्या दोन पुस्तकांकडे बघा, कारण माझ्या मते सगळ्या कारकिर्दीची गुरुकिल्ली तिथे आहे.

'द बिग फोर', १९२७, वाईट पुस्तक आहे. पैशांची गरज, नवीन लिहिणं होत नव्हतं, मग दिराने, कॅम्पबेल ख्रिस्तीने मदत केली आणि 'स्केच' मधल्या जुन्या कथा शिवून कादंबरी केली. शिवण दिसते. पन्नास पानं वाचा, कंटाळा आला तर ठेवून द्या. 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन', १९२८, मात्र पूर्ण वाचा. हे बाईंनी कॅनरी बेटांवर लिहिलं, सोबत सात वर्षांची मुलगी रोझालिंड आणि सेक्रेटरी कार्लो फिशर, डोक्यात गोंधळ, मन कशात लागत नाही, पण पुस्तक द्यायचंय. बाईंना हे पुस्तक कायम नावडतं राहिलं. आणि तरी त्या लिहितात की हौशी लेखिकेची मी धंदेवाईक लेखिका झाले ती इथे. धंदा म्हणजे काय, तर लिहायची इच्छा नसताना लिहायचं, जे लिहितोय ते आवडत नसताना लिहायचं, आणि फारसं चांगलं होत नाहीये हे कळत असतानाही लिहायचं. आता ती 'द प्लिमथ एक्स्प्रेस' ही कथा काढा आणि कादंबरीशेजारी ठेवून वाचा. थोड्या पानांची गोष्ट अख्ख्या कादंबरीएवढी कशी केली, कुठे पात्रं वाढवली, कुठे नुसतं पाणी घातलं, सगळं स्पष्ट दिसतं. ॲक्रॉइडमध्ये प्रतिभा दिसते. इथे मेहनत दिसते, आणि १९३० नंतरची सगळी इमारत मला या मेहनतीवर उभी वाटते.

१९२८ मध्ये घटस्फोट. त्याच वर्षी बाईंनी जमैकाचं तिकीट काढलेलं होतं, निघायच्या दोन दिवस आधी एका जेवणाच्या टेबलावर कोणीतरी बगदादबद्दल बोललं, सकाळी उठून तिकीट बदललं आणि ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्या निघाल्या. पुढे इराकमधल्या उर इथल्या उत्खननावर पोचल्या, तिथले प्रमुख लिओनार्ड वुली यांच्या बायकोला ॲक्रॉइड फार आवडलं होतं म्हणून स्वागत जोरात झालं. १९३० मध्ये परत गेल्या तेव्हा मॅक्स मॅलोवन भेटला, पुरातत्त्वज्ञ, बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि त्याच सप्टेंबरात एडिनबरात लग्न.

त्यामुळे १९३० हे वर्ष सावकाश वाचा. 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' आलं, मिस मार्पलची पहिली कादंबरी. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दोन युद्धांच्या मधल्या काळात मार्पलची ही एकच कादंबरी आहे, त्याआधी मासिकातल्या थोड्या कथा आणि दुसरी कादंबरी थेट १९४२ ला. यातली मार्पल अजून कडवट आहे, गावातली चोंबडी म्हातारी, पुढची मऊ आजी नव्हे. मला ही जास्त आवडते. त्याच वर्षी 'जायंट्स ब्रेड' आलं, मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने, त्यात खून वगैरे काही नाही, आणि ही मेरी कोण हे गुपित जवळजवळ वीस वर्षं टिकलं. वाचाच असं म्हणणार नाही. १९३४ चं 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट' मात्र, याच नावाचं, जरूर वाचा, मोडलेल्या संसाराबद्दल बाई जे कुठेच बोलल्या नाहीत ते बरंचसं तिथे आहे.

इथे थांबून 'फेअर प्ले' म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या पुस्तकांची निम्मी मजा जाईल. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहिले, वाचकापासून पुरावा लपवायचा नाही, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या-भुयारं नकोत, दैवी मदत नको, वगैरे. १९३० मध्ये लंडनला डिटेक्शन क्लब निघाला, चेस्टरटन पहिले अध्यक्ष, सेयर्स, अँथनी बर्कली, बाई सगळे त्यात, आणि सभासद चक्क शपथ घ्यायचे की आमचा डिटेक्टिव्ह डोकं वापरूनच गुन्हा सोडवेल. म्हणजे वाचक आणि लेखक यांच्यात एक उघड करार होता. बाई तो करार मोडत नाहीत, फक्त त्याच्या अगदी कडेवरून चालतात. म्हणून उजव्या पानावरची नोंद: प्रत्येक पुस्तक संपलं की उत्तर कुठल्या पानावर तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं ते शोधून तो नंबर लिहा. सुरुवातीला वेळ लागेल. दहा पुस्तकांनंतर तुम्हाला बाईंची सवय कळते, खरा पुरावा त्या एखाद्या विनोदी वाक्याच्या शेजारी किंवा चार फालतू गोष्टींच्या यादीत मधे ठेवतात.

अजून एक, तेव्हाचं इंग्लंड थोडं माहीत हवं. १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग, २० शिलिंग म्हणजे एक पौंड. पोस्ट दिवसातून बऱ्याच वेळा यायचं, म्हणून 'सकाळचं पत्र' आणि 'संध्याकाळचं पत्र' यात फरक असतो. विष विकत घ्यायला औषधवाल्याच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागायची. खुनाला फाशी होती, त्यामुळे शेवटी कोणी पकडलं गेलं की पुढे काय ते सगळ्यांना माहीत असायचं. घरात नोकरमाणसं असायची आणि मालक लोक त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, ही गोष्ट फार फार महत्त्वाची आहे, का ते वाचल्यावर कळेल. आणि जागोजागी हिंदुस्थानातून रिटायर होऊन आलेले कर्नल भेटतात, पितळी शोभेच्या वस्तू आणि शिकारीच्या गप्पांसकट, आपल्याच देशाची ती एक पुसट सावली इंग्लंडच्या खेड्यात बघताना मला दरवेळी विचित्र वाटतं.

मग १९३२ चं 'पेरिल ॲट एंड हाउस', १९३३ चं 'लॉर्ड एजवेअर डाइज', आणि मग १९३४. एका वर्षात ओरिएंट एक्स्प्रेस, 'इव्हान्स', दोन कथासंग्रह आणि वर ते वेस्टमॅकॉट. ओरिएंट एक्स्प्रेसच्या अर्पणपत्रिकेवर मॅक्सची आद्याक्षरं आहेत आणि 'अर्पाचिया, १९३३', म्हणजे उत्तर इराकमधलं मॅक्सचं उत्खनन. १९२९ मध्ये ही गाडी तुर्कस्तानात खरोखर बर्फात अडकली होती, १९३१ मध्ये बाई स्वतः पुरामुळे याच गाडीत अडकल्या होत्या, आणि अमेरिकेतलं प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण १९३२ चं. एवढं माहीत असलं तरी गुपित फुटत नाही, काळजी करू नका. अमेरिकेच्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' साप्ताहिकात ते आधी सहा भागांत आलं. प्रत्येक प्रकरणाचा शेवट असा टोकदार का असतो, तर वाचकाने पुढच्या आठवड्याचा अंक घ्यायला हवा म्हणून.

१९३५ मध्ये आणखी एक घडलं, पेंग्विनची पहिली दहा स्वस्त पुस्तकं आली, किंमत सहा पेन्स, तेव्हा नवी कादंबरी साडेसात शिलिंगला असायची, म्हणजे पंधरावा हिस्सा. त्या दहात स्टाइल्स होतं. बाई आता रेल्वे स्टेशनवर, कामगाराच्या खिशात पोचल्या.

१९३६ ला तीन कादंबऱ्या आहेत आणि क्रम इथे अगदी काटेकोर ठेवा. आधी 'द एबीसी मर्डर्स'. त्यात पॉयरो हेस्टिंग्जला गप्पा मारता मारता सांगतो की माझ्या आवडीचा गुन्हा कसा असावा, चार जण ब्रिज खेळतायत आणि पाचवा शेकोटीपाशी बसलाय, खेळ संपतो तेव्हा तो मेलेला. ही ओळ वहीत लिहा. मग 'मर्डर इन मेसोपोटेमिया', उत्खननावरचा खून, मातीचा आणि भांडणांचा वास असलेला. आणि मग 'कार्ड्स ऑन द टेबल' उघडा, आणि बघा, चार जण ब्रिज खेळतायत. बाईंनी त्याच वर्षी स्वतःच लावलेली पैज पुरी केली. इतकंच नाही, प्रस्तावनेतच सांगितलंय की संशयित फक्त चार आहेत आणि चौघांपैकी कोणीही असू शकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा यातलं काहीच मला कळलं नव्हतं, कारण मागचं वाचलेलंच नव्हतं. यात ॲरिएडनी ऑलिव्हर नावाची लेखिका आहे, तिने फिनलंडचा डिटेक्टिव्ह निर्माण केलाय आणि आता तिला फिनलंडबद्दल काही माहीत नाही म्हणून पस्तावलीय. बाई पॉयरोला कंटाळल्या होत्या ते इथे दिसतं. पहिल्याच पुस्तकात त्याला रिटायर झालेला दाखवला, आता त्याचं वय कुठे लपवायचं हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला.

'डंब विटनेस', १९३७, त्याबद्दल मोठी सूचना: त्यात पॉयरो जुन्या चार खुन्यांची नावं सरळ घेतो, स्टाइल्स, ॲक्रॉइड, ब्लू ट्रेन आणि 'डेथ इन द क्लाउड्स' मधली. ही चारही आधी वाचलेलीच हवीत. पुस्तक बाईंच्या पीटर नावाच्या कुत्र्याला अर्पण केलंय, आणि आतला कुत्राही फार गोड आहे.

मग 'डेथ ऑन द नाइल', १९३७. याला वेळ द्या. पहिल्या शंभर पानांत जवळजवळ काही घडत नाही असं वाटतं आणि नेमकं तिथेच सगळं घडत असतं. माझ्या मते बांधणीच्या दृष्टीने हे बाईंचं सगळ्यात पक्कं काम. १९३८ ला 'अपॉइंटमेंट विथ डेथ' जॉर्डनमधल्या पेट्राच्या लाल दगडांत, आणि 'हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस', ज्याच्या अर्पणपत्रिकेत तोच बहिणीचा नवरा जेम्स परत येतो, त्याची तक्रार होती की तुझे खून हल्ली फार सभ्य झालेत, जरा रक्त दाखव, म्हणून हे. त्याच वर्षी डेव्हनमध्ये डार्ट नदीकाठचं ग्रीनवे हे घर बाईंनी ६००० पौंडांना घेतलं. २५ पौंड आठवतायत ना?

२६ पुस्तकं, महिन्याला एक म्हटलं तर दोन वर्षं दोन महिने लागतील. एवढा वेळ नसेल तर स्टाइल्स, ब्राउन सूट, ॲक्रॉइड, ब्लू ट्रेन, व्हिकारेज, एंड हाउस, ओरिएंट एक्स्प्रेस, एबीसी, कार्ड्स, नाइल आणि शेवटचं १९३९ चं, ही अकरा याच क्रमाने घ्या.

ते शेवटचं म्हणजे 'अँड देन देअर वेअर नन'. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९३९ ला आलं, युद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. तिथलं मूळ नाव काळ्या लोकांना दिलेली शिवी होती, अमेरिकेने ते कधीच वापरलं नाही, जुन्या प्रतीवर ते दिसलं तर समजून घ्या की पुस्तक हेच. यात पॉयरो नाही, मार्पल नाही, मदतीला कोणीच नाही. बेटावर दहा माणसं. रात्री एकट्याने वाचू नका असं मी खरंच सांगते, मी वाचलं आणि पहाटेपर्यंत दिवा बंद करायची हिंमत झाली नाही.

हे संपलं की थेट 'कर्टन' कडे जायचा मोह होईल, कारण ते बाईंनी युद्धाच्या काळातच लिहिलं आणि कुलूपबंद ठेवलं, छापलं १९७५ ला, पॉयरोची शेवटची केस. घाई करू नका. मधली तीस-पस्तीस वर्षं वाचा, ते शेवटी ठेवा. आणि जेव्हा कधी त्याची वेळ येईल तेव्हा आदल्या आठवड्यात वही काढून पहिलं पान बघा आणि स्टाइल्स पुन्हा एकदा वाचा, कारण पॉयरो आणि हेस्टिंग्ज शेवटच्या वेळी भेटतात ते त्याच घरात.